हे चित्र कुणाच्या हातात जाणार होतं? ॲनिमेशनपटांमागच्या चित्रांच्या अभ्यासाच्या नोंदी

२ जून

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवते आहे. आमच्या चित्रकलेच्या अभ्यासगटासाठी एक संच तयार करायचा आहे. जुन्या, गाजलेल्या ॲनिमेशनपटांसाठी काढलेली संकल्पचित्रं, मॉडेल शीट (पात्र सगळीकडून कसं दिसतं ते दाखवणारा कागद), पेन्सिलीतली की-ड्रॉइंग (हालचालीतली मुख्य चित्रं), बॅकग्राउंड असं सगळं त्यात येईल. पुस्तकांत छापलेल्या चित्रांवरून मी हाताने प्रतिकृती करणार, शेजारी चित्रपटातली तीच जागा दोन इंची चौकटीत फक्त टोनमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटांत, उतरवणार आणि खाली चार-पाच ओळी लिहिणार.

त्या ओळींचा नियम ठरवून टाकला आहे. ‘अप्रतिम’ लिहून सुटका करून घ्यायची नाही. हे चित्र कुणाच्या हातात जाणार होतं आणि ते पाहून त्या माणसाला पुढे काय करायचं होतं, तेवढं लिहायचं. ही चित्रं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यासाठी काढलेली होती. मोठ्या आर्टबुकांत ती भरपूर कोरी जागा सोडून, देखणी छापलेली असतात. पाहताना हरखून जायला होतं, पण चित्र कुठून आलं आणि कुठे गेलं हा माग त्या मांडणीत पुसला जातो. मला हरखणंही हवं आहे आणि मागही.

६ जून

सुरुवात ‘बॅम्बी’पासून. हरणाच्या पाडसाची गोष्ट सांगणारा डिस्नेचा चित्रपट, १९४२चा. संकल्पचित्राने अख्ख्या चित्रपटाची नजर बदलली, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडत नाही.

ती चित्रं टायरस वाँग यांची. त्यांचा जन्म १९१०चा, चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. लहानपणीच ते वडिलांबरोबर अमेरिकेत आले. १९३८मध्ये डिस्नेत लागले ते इनबिटवीनर म्हणून. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरत दिवसभर लाइटबॉक्सवर वाकून बसायचं, असं ते काम. ‘बॅम्बी’ची तयारी चालू आहे हे कळल्यावर त्यांनी मूळ कादंबरी वाचली आणि कुणी सांगितलेलं नसताना जंगलाची छोटी छोटी चित्रं करून दाखवली.

तेव्हा स्टुडिओची अडचण अशी होती की बॅकग्राउंड फार भरगच्च होत होते. मॉरिस डे या चित्रकाराने अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात फिरून भरपूर फोटो काढून आणले होते. अभ्यास दांडगा होता, पण पान न् पान रंगवलं की हरीण त्यात हरवायचं. वाँग यांनी चित्राच्या मध्यावर थोडा तपशील ठेवला आणि कडांकडे जाता जाता सगळं विरघळू दिलं. सोंग राजवटीच्या काळातल्या जुन्या चिनी निसर्गचित्रांची त्यांना मनापासून ओढ होती, ती इथे कामी आली. खोडाच्या जागी दोन-तीन उभे फटकारे, झुडपाच्या जागी ओला डाग, आणि त्या धूसरपणात नेमकी एक जागा स्पष्ट. तिथेच हरीण उभं राहणार.

आज पेस्टलमध्ये पहिली प्रतिकृती केली. खडू आडवा धरून ओढला की कड आपोआप तुटते, तेच इथे हवं आहे. टोकाने रेघ मारण्याचा मोह आवरणं हीच या प्रतिकृतीतली मेहनत.

११ जून

‘बॅम्बी’च्या चौकटी टोनमध्ये उतरवल्या. काळा, करडा, पांढरा, एवढ्या तिनातच. जवळजवळ सगळ्या चौकटी तिनात बसतात आणि तरी वाचता येतात. वणव्यात, पावसात, बर्फात, सगळीकडे. आई गेल्यानंतरच्या प्रसंगात बर्फ दाट होत जातो आणि चौकटीत धरून ठेवायला जवळजवळ काही उरत नाही. दोन नरांच्या झुंजीत तर केस, डोळे, पानं सगळं बाजूला पडतं. राहतात फक्त गडद आकृत्या आणि त्यांच्या कडेचा उजेड. वाँग यांच्या छोट्या चित्रांशेजारी या चौकटी ठेवल्या की निर्णय कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येतं.

ओळी लिहून झाल्या: ‘हे चित्र बॅकग्राउंड रंगवणाऱ्यांसाठी. काय रंगवायचं नाही, ते यात सांगितलं आहे.’

श्रेयनामावलीत मात्र वाँग यांचं नाव केवळ बॅकग्राउंड चित्रकारांच्या यादीत आलं. स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांच्या १९४१च्या संपानंतर त्यांना डिस्नेतून काढण्यात आलं, म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ते तिथे नव्हतेच. पुढे वॉर्नर ब्रदर्समध्ये १९६८पर्यंत त्यांनी काम केलं. डिस्नेने ‘डिस्ने लेजंड’ म्हणून गौरव केला तो २००१मध्ये. २०१६मध्ये, वयाच्या १०६व्या वर्षी ते गेले. हा मजकूर मी चित्राच्या पाठीमागे न टाकता पुढच्या बाजूला, चित्राखालीच घेतला आहे. तिथेच तो हवा.

१५ जून

कागदाचा प्रश्न मिटला. पेस्टलला खरखरीत करडा, गुआशला (अपारदर्शक जलरंगाला) जाड गुळगुळीत, पेन्सिलीला साधा बॉण्ड. पांढऱ्या कागदावर गुआशची प्रतिकृती भडक दिसते, म्हणून आधी मधल्या टोनचा वॉश देऊन घेणार.

१९ जून

आज ‘स्नो व्हाइट’ (१९३७) आणि ‘पिनोकियो’ (१९४०). या काळातली मंडळी बरीचशी युरोपातून आलेली: आल्बर्ट हर्टर स्वित्झर्लंडचे, गुस्ताफ टेंग्रेन स्वीडनचे. हर्टर यांची पेन्सिलीतली रेखाटनं पाहत बसावीत अशी आहेत. खुर्चीच्या पाठीला चेहरा, दांड्याला घुबड, खुंटीला काहीतरी भलतंच. बुटक्यांच्या घरातलं लाकडी कोरीवकाम या डोक्यातून आलं. टेंग्रेन यांनी ‘पिनोकियो’चं गाव जलरंगात उभं केलं: उतरती छपरं, चिंचोळ्या गल्ल्या, उबदार खिडक्या. चित्रपटाच्या सुरुवातीला कॅमेरा त्या छपरांवरून सरकत जातो तेव्हा टेंग्रेन यांच्या चित्रातच शिरल्यासारखं वाटतं.

मॉडेल शीटवर थोडं जास्त थांबले. एकाच पात्राचे पुढून, बाजूने, मागून, रागावलेले, हसणारे असे चेहरे एका कागदावर. डिस्नेत जो ग्रँट यांचा कॅरेक्टर मॉडेल विभाग होता. शीट पक्कं झालं की त्यावर ‘ओके, जे. जी.’ असा शेरा पडायचा. हा विभाग पात्रांचे मातीचे, प्लास्टरचे छोटे पुतळेही करायचा, म्हणजे ॲनिमेटरला नाक वरून कसं दिसतं हे हातात फिरवून पाहता यावं. एकच पात्र दहा जणांच्या हातून निघणार, तरी ते एकाच जीवाचं वाटलं पाहिजे. मॉडेल शीट त्या दहा जणांसाठी आहे.

संचासाठी मी बुटक्यांचं नाही, पिनोकियोचं शीट निवडलं. लाकडी सांधे आणि मुलाचे गुबगुबीत गाल यांचा मेळ त्यात नीट दिसतो.

२४ जून

की-ड्रॉइंग. मला या कामात सगळ्यात जास्त ओढ होती ती याची.

कागदावरचं ॲनिमेशन वर्षानुवर्षं केलेले एक सर आज गटात आले होते. त्यांनी स्वतःच्या सरावाच्या चित्रांचा गठ्ठा आणला आणि पेग बारवर, म्हणजे कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, चढवला. कागदांना मधे एक गोल छिद्र, दोन्ही बाजूंना दोन लांबट. पाच कागद घेतले, प्रत्येक दोघांच्या मधे एक बोट सरकवलं आणि बोटांनीच एकेक पान खाली-वर पाडत राहिले. हात टेबलावरून उचलला नाही. कागदावरचा माणूस मान वळवून मागे पाहू लागला. मी चित्रांकडे पाहत होते, तर म्हणाले, “रेघेकडे पाहू नका, दोन रेघांमधल्या अंतराकडे पाहा. काम तिथे आहे.”

मग त्यांनी कडेची शिडी समजावली. की-ड्रॉइंगच्या समासात एक उभी रेघ असते, तिच्यावर आडव्या खुणा. १ आणि ९ या आकड्यांना गोल, म्हणजे ही दोन मुख्य चित्रं. मधली ३, ५, ७ सहाय्यकाने भरायची. खुणा सांगतात कुठे. ३ ही १ आणि ९च्या बरोबर मधोमध, ५ ही ३ आणि ९च्या मधोमध, ७ ही ५ आणि ९च्या मधोमध. दर वेळी उरलेलं अंतर निम्मं होतं, म्हणून हात झपकन सुटतो आणि ९वर अलगद येऊन टेकतो. सेकंदाला २४ चौकटी आणि एक चित्र दोन चौकटींना, या हिशेबाने ही सगळी हालचाल सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात संपते. खुणा १कडे गोळा केल्या असत्या तर हात रेंगाळत सुटला असता आणि शेवटी धाडकन थांबला असता. चित्रं तेवढीच आणि दोन्ही टोकंही तीच, पण माणूस वेगळा.

इतकी नाजूक गोष्ट, आणि ती सांगायला समासातल्या पाच आडव्या रेघा पुरतात. ॲनिमेटर शेजारी नसला तरी सहाय्यकाला सगळं कळतं. छापील पुस्तकांत हा समास पुष्कळदा कापलेला असतो. आपल्या संचात तो पूर्ण येणार.

२५ जून

कालचंच पुढे. क्लीन-अप केलेल्या, म्हणजे कच्च्या रेघा नीट करून घेतलेल्या चित्रांत काळ्या रेघांशेजारी लाल, निळ्या, हिरव्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात. त्या सजावटीच्या नाहीत. रंगीत रेघ म्हणजे इथे दोन रंग एकमेकांना भिडतात, पण काळी शाई नको. सावलीची हद्द, गालाची लाली. हा निरोप इंक अँड पेंट विभागासाठी. तिथे बहुतेक स्त्रिया काम करायच्या. प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक शीटवर, टाकाने गिरवायचं, मग सेल उलटून मागच्या बाजूने रंग भरायचा. एकाच आकृतीला चार-पाच रंगांची शाई असायची, केसांना वेगळी, ओठांना वेगळी. तेव्हाच्या चित्रपटांत पडद्यावर आपण पाहतो ती प्रत्येक रेघ त्यांच्या हातची आहे, ॲनिमेटरची नाही. गटातल्या कितीतरी जणांना हे माहीत नव्हतं, म्हणून त्यावर वेगळं पान करते आहे.

१ जुलै

मेरी ब्लेअर, डिस्नेची संकल्पचित्रकार. हिची चित्रं समोर आली की बाकीचं काम थोडा वेळ बाजूला राहतं.

‘सिंड्रेला’ (१९५०), ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१९५१), ‘पीटर पॅन’ (१९५३) या तिन्हींच्या श्रेयनामावलीत रंग आणि शैलीसाठी तिचं नाव आहे. १९४१मध्ये डिस्नेच्या गटाबरोबर ती दक्षिण अमेरिकेला जाऊन आली आणि तिथून तिचा रंग पालटला. त्याआधीची तिची जलरंगातली कामं संयत, ओलसर. नंतरच्या गुआशमध्ये सपाट, ठाम आकार आणि कुणी शेजारी ठेवणार नाही असे रंग शेजारी शेजारी. काळपट निळ्यात एकच गुलाबी ठिपका असतो आणि नजर सुटत नाही.

प्रतिकृती करताना एक गोष्ट उमगली. तिच्या चित्रात माणूस फार छोटा असतो. ‘सिंड्रेला’च्या महालात खांब पानाच्या वर निघून जातात, आणि पायथ्याशी एवढीशी मुलगी. चेहरा नाही, हावभाव नाही, तरी तिच्या पोटात कालवाकालव झाली असणार हे कळतं. महालाच्या उंचीनेच ते सांगितलेलं असतं.

चित्र कुणाच्या हातात गेलं, याचं उत्तर मात्र इथे दुहेरी आहे. बॅकग्राउंडवाल्यांना तिचे रंग आणि प्रमाण घेता आलं. ॲनिमेटरांना तिची सपाट आकृती घेता येईना, कारण त्यांची पात्रं गोलाईत वळायची, श्वास घ्यायची. त्यामुळे पडद्यावर बऱ्याचदा पात्र एका जगातलं आणि मागचा देखावा दुसऱ्या. ‘ॲलिस’मधल्या काळ्याशार जंगलात ती सगळ्यात जास्त टिकली आहे असं मला वाटतं. तिथे काळ्यातून सुटे रंगच तेवढे पुढे येतात आणि गोलाईचा प्रश्नच उरत नाही. हीच चौकट घेतली.

७ जुलै

‘स्लीपिंग ब्यूटी’, १९५९. चित्रकार आयव्हिंड अर्ल.

ब्लेअरचं चित्र वाटेत पातळ झालं. अर्ल यांचं तसंच्या तसं पडद्यावर आलं. कारण सरळ आहे. शैली ठरवली त्यांनी आणि मुख्य बॅकग्राउंड रंगवलेही त्यांनीच. मध्ययुगीन हस्तलिखितांतली चित्रं आणि विणलेले पडदे हा त्यांचा आधार. उभी खोडं, आडव्या फांद्या, जवळजवळ चौकोनी झाडं, आणि जवळचं पान जितकं रेखीव तितकाच लांबचा बुरुजही. त्यात चित्रपट सुपर टेक्निरामा ७०वर, म्हणजे रुंद चौकट. रंगवायचं क्षेत्र मोठं, आणि त्यातली एकही जागा मोकळी सोडायची नाही. ‘बॅम्बी’च्या बरोबर उलट टोक.

पात्रं यात बुडतील ही ॲनिमेटरांची तक्रार रास्त होती. टॉम ओरेब यांनी पात्रांची चण लांबट, कोनदार करून ती या झाडांशी जुळवली. मी चौकटी थांबवून टोन काढले. जंगलात राजकन्या फिरते तिथे माझी नजर आजही आधी खोडाच्या सालीवर जाते. पण दुष्ट परी मलेफिसंट आली की चित्र एकदम एकसंध होतं. ॲनिमेटर मार्क डेव्हिस यांनी तिला दिलेली शिंगं, झग्याचे टोकेरी पदर, उभा ताठ आकार, सगळं अर्ल यांच्या भूमितीत चपखल बसतं. ती त्या जंगलातूनच उगवल्यासारखी दिसते.

१० जुलै

गुआशमध्ये अर्ल यांची एक फांदी काढायला दुपार गेली. एक फांदी. गडदावर उजळ, उजळावर त्याहून उजळ, असे पानांचे थर.

१६ जुलै

‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’, १९६१. अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र स्टुडिओसाठी जुळवून घेतलं आणि ॲनिमेटरची पेन्सिलरेघ थेट सेलवर उमटू लागली. हाताने गिरवण्याची पायरीच गेली. ठिपक्याठिपक्यांची एवढी कुत्री हाताने गिरवायची म्हणजे खर्चाने कंबरडं मोडलं असतं.

रेघ खरबरीत, काळी, जिवंत. बॅकग्राउंडही तिला साजेसा हवा, म्हणून वॉल्ट पेरेगॉय यांनी रंगाचे सैल आकार मांडले आणि वस्तूंची रेघ वेगळी करून वर ठेवली. रंग रेघेबाहेर सांडतो, तरी खोली नीट वाचता येते. मला हे फार आवडतं. मात्र इंकिंगच्या पानाशेजारीच हे पान ठेवायचं ठरवलं आहे. ॲनिमेटरची रेघ मिळाली ती दुसऱ्या कुणाचा तरी हात बाजूला होऊन.

२२ जुलै

सेलवरचं पान. इथे गटासाठी सावधगिरीच्या सूचना लिहायला हव्यात, कारण सेल हीच लोकांच्या सगळ्यात ओळखीची वस्तू आणि तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त गोंधळ.

सान फ्रान्सिस्कोची कूर्वाज्ये गॅलरी १९३८पासून डिस्नेच्या सेल विकू लागली. त्यातल्या पुष्कळ सेलच्या मागचं चित्र विक्रीसाठी नव्याने केलेलं आहे: कुठे लाकडाचा पापुद्रा, कुठे एअरब्रशचा फवारा. चित्रपटात ते कधीच नव्हतं. तेव्हा सेल आणि बॅकग्राउंड एकत्र चौकटीत दिसले म्हणून ती चित्रपटातली जोडी मानायची नाही.

दुसरं, सेल पूर्ण पारदर्शक नसते. तीन-चार थर एकावर एक आले की खालचा रंग मळकट दिसतो. म्हणून एकाच पात्राचा एकच रंग थर बदलला की थोडा उजळ घोटावा लागायचा. त्यामुळे सुट्या सेलवरचा रंग हा पडद्यावरचा रंग असेलच असं नाही. तो कॅमेऱ्याखालच्या थरांसाठी तयार केलेला रंग आहे.

तिसरं, जुन्या नायट्रेटच्या सेल पिवळ्या पडतात, आकसतात, रंगाचे पोपडे सुटतात. कागदावरची पेन्सिल मात्र बहुतेक टिकून आहे.

२९ जुलै

थोडक्यात: युरी नॉर्स्टाइन यांचा ‘हेजहॉग इन द फॉग’ (धुक्यातला साळू) हा रशियन ॲनिमेशनपट, १९७५. चित्रं फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांची. धुकं रंगवलेलं नाही. आकृत्यांवर अगदी पातळ कागद ठेवून तो चौकटीगणिक कॅमेऱ्याकडे उचलत नेला आहे. संचात घ्यायचं तर रेखाटनापेक्षा ही कृतीच दाखवायला हवी, म्हणून ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा पानाला वरून चिकटवला. उचलून पाहता येईल असा.

४ ऑगस्ट

आता दोन अपवाद, ज्यांना माझा नियम सरळ लागू होत नाही. म्हणूनच ते संचात हवेत.

पहिले के निल्सन, जन्म १८८६, कोपनहेगनचे. ‘फँटेशिया’ (१९४०) मधल्या ‘नाइट ऑन बॉल्ड माउंटन’ या भागासाठी त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. डिस्नेसाठी त्यांनी जलपरीच्या गोष्टीचीही चित्रं केली होती. तो चित्रपट तेव्हा झाला नाही. निल्सन १९५७मध्ये गेले. ‘द लिटल मर्मेड’ची तयारी सुरू झाली तेव्हा ती चित्रं संग्रहातून बाहेर काढली गेली, आणि १९८९च्या त्या चित्रपटात निल्सन यांना श्रेय मिळालं. ज्यांच्या हातात ती पडली त्यांतले बरेच जण ती काढली गेली तेव्हा जन्मलेलेही नव्हते. चित्राखाली लिहिलं: ‘कुणासाठी: चाळीसहून अधिक वर्षांनंतरच्या चित्रकारांसाठी.’

९ ऑगस्ट

दुसरा अपवाद जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. त्यांचे इमेजबोर्ड, म्हणजे चित्रपटाच्या कल्पनेची सुरुवातीची चित्रं, पेन्सिल आणि पातळ जलरंगातले. ती चित्रं आधी त्यांच्या स्वतःसाठी असतात; गोष्ट काय आहे हे तेच त्यातून शोधत असतात. ‘माय नेबर टोटोरो’ १९८८चा, पण त्याची चित्रं सत्तरच्या दशकापासूनची. त्या जुन्या बोर्डांत बहिणी दोन नाहीत, मुलगी एकच आहे. पुढे तिच्या दोन झाल्या, साधारण दहा वर्षांची सात्सुकी आणि चार वर्षांची मेई. बसथांब्यावर पावसात उभ्या टोटोरोच्या पोस्टरवर मात्र आजही एकच मुलगी आहे, दोघींचं थोडं थोडं घेतलेली. चित्रपटात ती कुठेच नाही.

या पानावर काझुओ ओगा यांचा बॅकग्राउंडही घेतला आहे. पोस्टर कलरमध्ये रंगवलेलं गवत, जवळून पाहिलं तर नुसते तुटक फटकारे, हातभर लांब नेलं की वारा लागलेलं.

पोस्टरच्या प्रतिकृतीत छत्रीची जागा अजून जमायची आहे. उद्या सकाळच्या उजेडात पुन्हा बसते. डिस्नेचे ॲनिमेटर बिल टिटला यांच्या ‘डंबो’तल्या की-ड्रॉइंगचं पान त्यानंतर. त्यासाठी समासासह छापलेलं एक तरी चित्र शोधायचं आहे.